सुटणारा सांधा

पाइप कोणत्या सोल्युशनने जोडावेत यावरून नात्यात अबोला येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमची नणंद मासे पाळत नाही आणि तिच्या टाक्यांचे नळ तुमच्या हातात नाहीत, एवढंच मी म्हणेन.

माझं नाव शलाका. माहेर कराडचं, म्हणजे मी पक्की घाटावरची. सासर देवगडचं, पिढीजात तांडेलांचं. सासरे हयात होते तोवर होडीवर त्यांचा शब्द चाले. त्यांची थोरली लेक सुरंगी माशांवर डॉक्टरेट करून आली आणि खाडीच्या मुखाशी उभ्या राहिलेल्या घोळ संवर्धन केंद्राची प्रमुख झाली. या माझ्या ताई. त्याच केंद्रात पाण्याच्या सगळ्या जोडणीचं काम माझ्याकडे. माझा नवरा भूषण खोल समुद्रातल्या पवनचक्क्यांवर देखभालीला असतो. बायको आणि बहीण यांच्यामध्ये पडायचं नाही, हे शहाणपण त्याला लग्नाच्या मांडवातच आलं असावं.

घोळ म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढा मोठा, सोनेरी झाक असलेला मासा. तिच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला इकडे बोत म्हणतात. त्या बोताला परदेशात सोन्याचा भाव आला आणि त्यापायी घोळ मारून मारून संपवली. उरलीसुरली समुद्र तापल्यावर गेली. देवगडच्या आताच्या पोरांना ती फक्त चित्रात माहीत आहे. आमच्या मोठ्या टाकीत दूरच्या पाण्यातून जपून आणलेल्या मोजक्या घोळी होत्या. त्या जगल्या, वाढल्या, पण काही केल्या अंडी घालत नव्हत्या. ताईंचं अर्धं आयुष्य अशा टाक्यांच्या काठावर वाट बघण्यात गेलं होतं.

आता सांध्यांबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पीव्हीसीचं नेहमीचं सोल्युशन खरं तर चिकटवत नाही, वितळवतं. पाइपचा बाहेरचा थर आणि जोडाचा आतला थर दोन्ही मऊ होतात, एकमेकांत शिरतात आणि मग द्राव उडून गेला की तिथे एकच प्लास्टिक उरतं. मात्र त्याला पाइप कोरडा लागतो आणि वाळायला पुरेसा वेळ लागतो. एकदा बसला की तो सांधा करवतीशिवाय सुटत नाही. काचेला जन्मभर धरून ठेवणारं सिलिकॉन पीव्हीसीवरून मात्र सायीसारखं निघून येतं. एपॉक्सी पुटी पाण्याखालीसुद्धा घट्ट होते, पण ती बाहेरून मिठी मारते, आत शिरत नाही. प्रत्येकाचा असा स्वभाव असतो आणि तो ओळखणं हेच माझं काम.

जुन्या टाकीच्या वेळी वरच्या कचेरीला उद्घाटनाची घाई झाली होती. मी नको म्हणत असताना सांधे वाळायच्या आत पाणी सोडलं गेलं. ओल्या सोल्युशनमधला द्राव पाण्यात उतरला आणि ताईंनी जिवापाड जपलेली जिताड्याची पिल्लं मेली. हुकूम माझा नव्हता, पण सांधे माझे होते. ताई मला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच वाईट झालं. त्यानंतर कामापुरतं बोलणं, आणि घरी जेवताना भातावरून नजर न उचलणं. मी हट्टी बाई आहे, मीही उचलली नाही.

म्हणून घोळींची ही मोठी टाकी नव्याने बांधताना मी सुटं सोल्युशन निवडलं, म्हणजे हवं तेव्हा सुटणारं. तोवर प्लास्टिक पुन्हा वापरण्याचा कायदा कडक झाला होता आणि हे सोल्युशन सगळीकडे आलं होतं. त्याला वास नाही, त्यातून पाण्यात काही उतरत नाही. त्यात डोळ्यांना न दिसणारे पोकळ मणी असतात आणि प्रत्येक मण्याच्या पोटात सांधा मऊ करणारा थेंब कोंडलेला असतो. पाइपला एक छोटं यंत्र टेकवायचं. ते ठरावीक खर्जात थरथरतं. त्या एकाच सुरात मणी थरारतात, फुटतात, आणि सांधा आपण होऊन हात सोडतो. पाइप अख्खा निघतो, पुन्हा वापरता येतो. त्या यंत्राला आम्ही गुणगुण्या म्हणायचो. पंपाची घरघर, ट्रकची धडधड, पायांचा दणका, सगळ्यांसमोर हे सोल्युशन तपासलेलं होतं आणि कशानेही हललं नव्हतं. मला ते मनापासून आवडलं होतं.

दिवाळी उलटून गेल्यावरची एक संध्याकाळ. मी टाकीखाली बसून पंपाचे बोल्ट आवळत होते. ताई वरून शिडी उतरून आल्या, माझ्या मागे थांबल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, चांगला दाबून धरला. मी वळून बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले होते. काही न बोलता त्या निघून गेल्या.

मी पाना हातात धरून तशीच बसून राहिले. मला वाटलं, संपलं एकदाचं. ताईंनी पिल्लांचं मनातून काढून टाकलं. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी उगाचच बांगड्याचा वाटा घेतला. भूषणचा फोन आला तेव्हा सगळं छान आहे एवढंच सांगितलं. तो हात मी त्याच्यापासूनही लपवून ठेवला. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की हलक्या होतात.

त्याच आठवड्यात टाकीच्या एका कोपऱ्यावरच्या सांध्याला मिठाची पांढरी रेघ दिसली. खाऱ्या पाण्यात काम करणाऱ्याला त्या रेघेचा अर्थ सांगावा लागत नाही. पाणी झिरपतं, वाळतं आणि मीठ मागे राहतं. मी तो सांधा सोडवला आणि नव्या सोल्युशनने जोडला. दुसऱ्या दिवशी पलीकडचा ओला. मग त्याच्या शेजारचा. मी पाण्याचा दाब तपासला, उष्णता तपासली, सोल्युशनचा दुसरा डबा उघडला. नव्याने केलेले सांधेसुद्धा पाझरायला लागले तेव्हा मात्र माझी झोप उडाली.

केंद्रावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला आम्ही गस्त म्हणतो. तिचा आवाज शांत, बाईचा आहे. तिला विचारलं तर ती म्हणाली, गळती दर संध्याकाळी वाढते, एरवी थांबते. संध्याकाळी तर आम्ही काहीच नवं चालू करत नाही. पाण्याखाली बसवलेल्या माइकमध्ये काही आलंय का, असं विचारलं. तो माइक ताईंनी बिघडला म्हणून काढून ठेवला होता. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. संध्याकाळी कुणीतरी पाइपला गुणगुण्या लावतंय.

गुणगुण्या कपाटात कुलपात होता आणि किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी ताईंकडे.

मन किती वाईट असतं ते मला तेव्हा कळलं. ज्या हाताने मी इतकी सुखावले होते, तो हात आता मला वेगळाच दिसायला लागला. एकदा सांधे फुटले, गळती जाहीर झाली की मला इथून हलवतील. मग नव्या माणसाकडून ताई हव्या तशा टाक्या बांधून घेतील. तसं असेल तर आधी गोड वागणं ओघानेच आलं.

अमावास्या जवळ आली होती. उन्हं कलल्यावर मी चपला काढून शिडीने वर गेले. ताई टाकीच्या काठावर ओणव्या होत्या. त्यांच्या हातात एक लांब काहीतरी होतं, त्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं त्यांच्या कानाशी. पाण्यातलं टोक पाइपच्या तोंडाजवळ होतं. माझा पारा चढला. माझे सांधे तोडून तुम्हाला काय मिळणार, पिल्लांचा सूड किती दिवस उगवणार, असं जे जे साठलं होतं ते सगळं मी बोलून टाकलं.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी घाबरून ओठांवर बोट ठेवलं आणि ती वस्तू माझ्या हातात दिली. ते सासऱ्यांचं जुनं वल्हं होतं. त्यांनी खुणेनेच सांगितलं, कान लाव.

मी कान लावला. आधी नुसतं पाणी ऐकू आलं. मग त्यामागून एक खोल ठोका आला, रिकाम्या कणगीवर कुणी बोटं वाजवावीत तसा. मग दुसरा, तिसरा, मग एकाला दुसऱ्याने साथ द्यावी तशी रांगच लागली. नर घोळ माजावर आला की पोटाचे स्नायू बोतावर आपटून वाजवतो. ज्या बोतापायी तिला मारली, तेच बोत तिचा आवाज आहे. मी हे वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. आमच्या टाकीत ती कधी बोललीच नव्हती.

ठोके दाट झाले, एकमेकांत मिसळले, त्यांची एक लांब थरथर झाली. आणि तो सूर माझ्या ओळखीचा निघाला. गुणगुण्या त्याच खर्जात गुणगुणतो. सोल्युशन बनवणाऱ्यांनी ट्रक तपासले, पंप तपासले. मासा कोण तपासणार? ज्या किनाऱ्यावरून घोळ नाहीशी झाली तिथे तिच्या आवाजाची आठवण कुणाला असणार? रोज संध्याकाळी मासा बोलत होता, पाइप तो आवाज सांध्यांपर्यंत नेत होते आणि दर दिवशी थोडे थोडे मणी फुटत होते.

मी वल्हं खाली ठेवलं आणि दबक्या आवाजात विचारलं, कधीपासून बोलतेय ही? मला सांगितलं का नाही?

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "सांगललंय मा तुका," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी. खांद्यार हात ठेवललंय तो कित्याक?"

मग त्यांनी कुजबुजत सांगितलं. त्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासूनची रीत. तांडेल वल्ह्याला कान लावून घोळ ऐकतो. ऐकू आली की तोंडाने सांगायचं नाही, होडीवर कुणी तिचं नाव घ्यायचं नाही. सांगितलं की ती उठून जाते. जवळच्या माणसाच्या खांद्यावर हात दाबून ठेवायचा. तो समजतो आणि पुढच्याच्या खांद्यावर ठेवतो. जाळं भरेपर्यंत सगळ्यांची जीभ बांधलेली. माइकही त्यांनी त्यासाठीच काढला होता. डॉक्टरेट झालेली बाई, पण आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते ऐकू आल्यावर त्यांनी बापाचंच ऐकलं. आणि साऱ्या केंद्रात एकटीला, फक्त मला सांगितलं.

मी घाटावरची. मला काय कळणार? मला वाटलं होतं की त्यांनी मला माफ केलं. ती तर बातमी होती. मला खूप लागलं ते, पण रडायला वेळ नव्हता, कारण खाली पाणी पडल्याचा आवाज आला.

टाकीच्या बुडातून निघणारा मोठा पाइप मांडीएवढा जाड आहे. त्याचा पहिला सांधा टाकीला लागूनच, झडप त्याच्या पुढे. तो सांधा सुटला तर पाणी अडवायला मध्ये काहीच नाही. मी खाली धावले. सांध्याच्या भोवतीने पाण्याची पातळ चादर उतरत होती.

गस्त बोलली. पातळी लाल खुणेकडे चाललीय, खुणेला लागताच मी पाणी थंड करून मासे राखीव टाकीत हलवेन. तिचं चुकत नव्हतं. पाणी थंड केलं असतं तर घोळी गप्प झाल्या असत्या, सांधे वाचले असते. पण माद्यांची पोटं भरून आली होती. ऐन वेळी पाणी गार पडलं की अंडी आतच सडतात आणि बहुतेक वेळा मादीही जाते. वर ताई काठ धरून उभ्या होत्या. थंड करायची कळ माझ्या हाताशी होती. मी ती दाबली असती तर उद्या मला कुणीही नावं ठेवली नसती.

मी कळ दाबली नाही. खरं सांगते, त्या क्षणी मी माशांचा विचार केला नाही. सगळ्या केंद्रात ज्या एकीला ताईंनी सांगितलं ती मी होते, एवढंच माझ्या मनात होतं.

नेहमीचं सोल्युशन ओल्यावर चालत नाही, सिलिकॉन पाइपला धरत नाही, सुटं सोल्युशन तर शत्रूच. उरली पुटी. मी पुटीच्या दोन भागांचे, दोन रंगांचे गोळे घेऊन मळले, एकजीव केले आणि पाण्याच्या धारेतच सांध्याभोवती थापले. पुटी घट्ट व्हायला वेळ घेते, तोवर पाणी तिला ढकलत राहतं. म्हणून मी दोन्ही तळवे तिच्यावर दाबून पाइपला छाती लावून बसले. मग मला हातांतून घोळ ऐकू आली. ठोका आधी तळव्यात यायचा, मग कोपरात, मग दातांत. प्रत्येक ठोक्याला माझ्या हाताखालचा सांधा थोडा सैल होत होता आणि पुटी अजून मऊच होती.

गस्त म्हणाली, पातळी खुणेला आलीय. थांबायचं असेल तर केंद्रप्रमुखांनी स्वतःच्या आवाजात कारण सांगावं, ते सगळ्या केंद्रांना आपोआप कळवलं जाईल. मी ओरडून कारण सांगितलं. माझा आवाज तिला चालत नव्हता.

वरून ताईंचा काहीच आवाज येईना. मी मान वर केली. त्या शिडीच्या टोकाला होत्या, तोंडावर पदर धरून.

"ताई, सांगा तिला."

"सांगलंय तर उठान जातली गो ती," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

मी म्हणाले, नाही सांगितलं तर जायला तिला पाणीच उरणार नाही. ताईंनी डोळे मिटले. मग मोठ्याने, एकेक शब्द तोडत त्या बोलल्या.

"घोळ बोलता. माझ्या टाकीत घोळ बोलता हा. तिच्या आवाजाने सुटं सोल्युशन सुटतंय. पाणी थंड करू नका. ही घोळ आहे, घोळ."

गस्त बरं म्हणाली आणि थांबली. आणि त्याच वेळी माझ्या तळव्यांतला ठोका बंद झाला.

मी पाइपला कान लावला. काही नाही, नुसतं पाणी. मी हात थोडे अधिक दाबले, जणू दाबल्याने मासा बोलणार होता. काही नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या वेळी मला तांडेलांची ती रीत आठवली. वरती ताई मटकन खाली बसल्याचं ऐकू आलं. "गेली," एवढंच त्या म्हणाल्या. वर जाऊन त्यांना जवळ घ्यावं असं फार वाटत होतं, पण हात सोडता येत नव्हते.

हाताखाली पुटी कोमट झाली. मग गरम झाली. पुटी गरम होते म्हणजे ती धरते आहे. पाण्याची चादर आधी धार झाली, मग थेंब, मग तेही थांबले. मी तरी तशीच बसून होते.

"शलाका." वरून हाक आली. "वर ये गो. सावकाश."

तळवे पुटीतून सोडवताना थोडी कातडी गेली. मी शिडी चढले. ताई पाण्यावर वाकल्या होत्या. टाकीच्या काठाला, अंधारत्या पाण्यावर, मोहरीएवढे पारदर्शक मणी तरंगत होते. आधी थोडे दिसले, मग नजर बसली तसं कळलं की सगळं पाणीच अंड्यांनी भरलेलं आहे. खाली घोळी शांतपणे गोल फिरत होत्या. त्यांचं काम झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी गुजरातकडच्या एका केंद्रातून फोन आला. त्यांच्याही पाइपांवर पांढऱ्या रेघा येत होत्या आणि कुणाला कारण सापडत नव्हतं. ताईंनी नाव घेतलं म्हणून त्यांनी वेळीच सांधे बांधून घेतले. आमचा वाद मात्र मिटलेला नाही. ताई म्हणतात, सांगितलं म्हणून ती गप्प झाली. मी म्हणते, अंडी घालून झाली म्हणून झाली. आता आम्ही मोठ्या टाकीचे सगळे सांधे एकेक करून जुन्या, वितळवणाऱ्या सोल्युशनने करतोय, आणि पाणी सोडायची घाई कुणी केली तर आता मला ओरडावं लागत नाही, ताईच त्याच्या अंगावर धावून जातात.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी ताईंनी मला काठावर बसवलं आणि खोबरेल तेल लावून माझ्या तळव्यांवरची पुटी नखाने खरवडून काढली. काम झाल्यावर त्या उठल्या, माझ्या मागे आल्या आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

मी घाबरून पाइपाकडे बघितलं. आता काय ऐकलंत, असं विचारलं.

"काय नाय गो," त्या म्हणाल्या. "असोच ठेवलंय."